पांदण राखायची तर आधी पाणी वळवा

नागपूरजवळच्या वाडीचा नाका आणि अमरावती रस्त्यावरची गोदामं मागे पडली की दोन्ही अंगांना पांदणी फुटायला लागतात. लाव्याकडे, खडगावकडे, सुराबर्डीकडे, पुढे व्याहाड-बाजारगावकडे. काही पांदणी लेआउटच्या पोटात गेल्या, काहींवर डांबर पडलं. उरल्या त्या अजून जुन्या वळणाच्या आहेत. दोन धुऱ्यांमधून जाणारी बंडीची वाट, कडेला कडुनिंब, हिवर, पळस, बोर, मधेच एखादा मोह आणि नाल्याजवळ अर्जुन. या पट्ट्यात ज्यांचं चार-दोन एकरांचं वावर आहे, ज्यांनी बरडावर थोडा साग राखला आहे, किंवा जे शहरात राहून शनिवार-रविवार शेतावर येतात, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

झाडांतल्या वाटेची निगा म्हटलं की आपल्याकडे पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. माझी कळकळीची विनंती आहे की तो फोन करू नका, निदान पहिला तरी करू नका. जेसीबी अर्ध्या दिवसात पांदण मोकळी करून देतो, हे खरं. पण त्याचं बकेट दोन्ही धुरे खरवडत जातं. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि ती घेरापलीकडेही जातात. एका बाजूची मुळं तुटलेला कडुनिंब त्या वर्षी हिरवाच दिसतो. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर त्याचा शेंडा वाळायला लागतो आणि एखाद्या अवकाळी वादळात तो नेमका वाटेवर आडवा होतो. तोवर जेसीबी कुणाच्या लक्षातही नसतो.

दुसरं नुकसान त्याहून मोठं. खरवडलेली वाट शेताच्या पातळीपेक्षा खाली जाते. मग दोन्हीकडच्या वावरांतलं पाणी तिच्यात उतरतं आणि पांदणीचा नाला होतो. त्यावर टिप्परभर मुरूम टाकला की तो पहिल्याच झडीत खालच्या शेतात जातो. दरवर्षी मुरूम, दरवर्षी खर्च आणि दरवर्षी वाट आणखी एक वीत खोल. विदर्भातल्या कितीतरी पांदणी अशाच खचल्या आहेत.

नागपूरला वर्षाकाठी सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून वाटेचं खरं सर्वेक्षण पावसातच होतं. जुलैमध्ये चांगली सर सुरू असताना छत्री घ्या, गमबूट घाला आणि आपल्या वाटेवरून एक फेरी मारा. पाणी कुठून आत येतं, किती लांब वाटेनंच धावतं आणि कुठे थांबतं, या तीन जागा पाहा आणि तिथे खुणेचे खुंट ठोकून ठेवा. पाणी वाटेवर आलं यात बिघडत काही नाही. ते वाटेनंच धावत राहतं, तेव्हा बिघडतं. त्याला लवकरात लवकर बाजूला काढून देणं एवढंच काम आहे.

उतारावरच्या वाटेसाठी सर्वांत स्वस्त उपाय तिरप्या आडबांधाचा. वाटेला काटकोनात न घालता तिरपा, उताराच्या दिशेनं झुकलेला एक दगडी पट्टा घालायचा. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडलेले हवेत, वर वीतभरच दिसायला हवेत. खालचं टोक वाटेच्या बाहेर हातभर न्यायचं आणि तिथे उथळ चर काढून पाणी गवतात सोडायचं. काटकोनात घातलेल्या बांधामागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारून खाली खड्डा पाडतं. तिरपा बांध पाण्याला वळवतो. उतार जेवढा जास्त तेवढे बांध जवळ. सौम्य उतारावर वीस-पंचवीस पावलांवर एक पुरतो, चढावर दहा-बारा पावलांवर एक लागतो. सागाचा किंवा बाभळीचा जाड ओंडकाही चालतो, पण त्याला उधळी लागते, त्यामुळे काही वर्षांत तो बदलावा लागतो. दगड आपल्या बरडावर फुकट आहे, तोच वापरा. या बांधांना वर्षातून दोनदा हात लावावा लागतो. मृगाच्या आधी चरातला पालापाचोळा काढायचा आणि पोळ्याच्या सुमारास साचलेला गाळ उपसून वाटेवरच्या घळीत भरायचा.

बरडावर हे सोपं जातं. खाली काळी माती लागली की हिशेब बदलतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरून टाकलेला मुरूम गिळून टाकते. तिथे आधी वाटेच्या दोन्ही कडांना चर हवेत आणि निघालेली माती मधे टाकून वाटेला पाठ द्यायला हवी. त्यावर हाताएवढ्या दगडांचा थर आणि मग मुरूम. चर न काढता टाकलेला मुरूम हे पैसे चिखलात घालणं आहे. आपल्या वावरात माती किती खोल आहे आणि खाली काय आहे, हे पाहायला एक साधा खड्डा घेतला तरी पुरतं. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय याच अमरावती रस्त्यावर आहे. माणूस माती पाहायला दूरदेशीहून नागपूरला येतो आणि आपण मात्र शेजारी राहून आपल्या शेतातला खड्डा पाहत नाही, याची खंत वाटते. आणि काळ्या मातीच्या वाटेवर पावसाळ्यात ट्रॅक्टर घालू नका. ओल्या मातीत पडलेली एक चाकोरी पुढचे चार महिने पाण्याला रस्ता दाखवते.

वाट किती मोकळी करायची? पायवाट असेल तर चार-पाच फूट रुंद आणि डोक्यावर आठ फूट पुरेसं आहे. बंडी-ट्रॅक्टर जायचा असेल तर दहा फूट रुंदी आणि तेरा-चौदा फूट उंची ठेवा. त्यापलीकडे हात घालू नका. वळणांवर मात्र थोडं जास्त मोकळं ठेवा, म्हणजे पुढचं दिसतं. गोरेवाडा, कळमेश्वर, कोंढाळी या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये तर मिहानसारख्या ठिकाणी वाघ दिसला होता. रोही आणि रानडुक्कर नेहमीचेच. दहा पावलं पुढचं दिसलं की माणूसही सावध होतो आणि जनावरालाही बाजूला व्हायला वेळ मिळतो. सापांच्या बाबतीतही तेच. वाटेवर पालापाचोळ्याचा आणि काट्यांचा ढीग कधीच ठेवू नका. घोणस अशा ढिगाखाली स्वस्थ बसते आणि पाय पडल्याशिवाय कळत नाही.

आता झुडपांकडे. सगळं साफ करून टाकायची घाई बहुतेकांना असते. बोर, निरगुडी, मुरुडशेंग, सीताफळ, भोकर ही झुडपं धुरा धरून ठेवतात, त्यांना राहू द्या. काढायची ती घाणेरी. तिला कोयत्यानं वरून छाटलं की ती दुप्पट फांद्यांनी उठते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. तिच्यावर चांगला उपाय दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात करून दाखवला. झुडपाच्या बुडाशी टिकास घालून जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुख्य मूळ तोडायचं, कारण फुटवे फुटतात ते त्याच्या वरच्या भागातून. मग अख्खा बुडखा उपटून मुळं वर करून उलटा ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा जमीन धरत नाही. फळं धरायच्या आधी, पावसाच्या सुरुवातीला हे करावं, तेव्हा मातीही मऊ असते. बुलबुल आणि साळुंक्या घाणेरीची फळं खाऊन ज्या झाडांवर बसतात, त्या झाडांखाली नवी रोपं दाट उगवतात, म्हणून सफाईची सुरुवात त्या झाडांखालून करा. मोकळी झालेली जागा तशीच ठेवली तर पुढच्या वर्षी तिथे तरोटा आणि गाजरगवत येणार. लगेच मारवेल किंवा पवन्याचं बी फेकून द्या. गुरांना चारा होतो आणि माती धरली जाते.

गाजरगवत फुलावर यायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. काहींना त्यानं अंगावर पुरळ उठतात, दमा असलेल्यांनी या कामात पडूच नये. पावसाळ्यात त्याच्यावर पांढुरके-पिवळसर, काळ्या नक्षीचे भुंगे पानं खाताना दिसले तर त्यांना मारू नका. जबलपूरच्या तणविज्ञान संस्थेनं ज्यांचा देशभर प्रसार केला, ते हे मेक्सिकन भुंगे आहेत आणि ते आपलंच काम करत असतात.

झाडांच्या छाटणीत सर्वांत जास्त नुकसान होतं ते फांदी कुठे कापायची हे माहीत नसल्यामुळे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीचा एक फुगीर कंगोरा असतो. नीट पाहिलं तर हाताला लागतो. तो कंगोरा झाडाचा असतो, फांदीचा नाही. जखम भरून काढणारी साल तिथूनच वाढते. म्हणून काप कंगोऱ्याच्या बाहेर, पण त्याला लागून घ्यायचा. खोडाला चाटून कापलं तर कंगोरा जातो आणि आत कूज शिरते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि पोखरला जातो.

जड फांदी एका झटक्यात वरून कापू नका. ती मोडताना खोडाची साल हातभर सोलत खाली येते आणि त्या जखमेतून झाड कधी सावरत नाही. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक काप, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी स्वच्छ पडते. शेवटी उरलेला खुंट हाताने धरून कंगोऱ्याजवळ कापायचा. तीन काप, पाच मिनिटांचं काम. झाडावर चढण्याआधी वर नीट पाहा. आग्या मोहोळ असेल तर तो दिवस सोडून द्या. पक्ष्याचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. चेनसॉ वापरत असाल तर एकट्यानं कधीच नाही, आणि डोळ्यांवर चष्मा, पायात जाड बूट असल्याशिवाय नाही.

कापलेल्या जागी काही लावायचं का, हा प्रश्न संत्र्याची सवय असलेले शेतकरी हमखास विचारतात. संत्र्याला डिंक्याची भीती असते, म्हणून एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट खोडाला लावतात. ते बरोबरच आहे, आणि त्यात शंका असेल तर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अमरावती रस्त्यावरच आहे. पण कडुनिंब, हिवर, साग यांच्या जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासायचं काही कारण नाही. काप योग्य जागी असेल तर झाड स्वतः ती जागा भरून काढतं.

छाटणीचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. एका वर्षात झाडाच्या हिरव्या घेराचा चौथा हिस्सा ही शेवटची मर्यादा समजा. जुन्या मोह-चिंचेला तेवढंही जास्त होतं.

बांडगुळाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण वाडीच्या आसपासच्या आंब्यांवर आणि मोहांवर ते फार माजलं आहे. लाल-नारिंगी नळीदार फुलं, जाड पानं, हिरवंगार दिसतं. फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर पुसतो. ते तिथेच रुजतं आणि सालीतून आत घुसून झाडाचं पाणी ओढतं. नुसतं बांडगूळ ओरबाडून काढलं तर आतल्या मुळांतून ते पुन्हा फुटतं. जिथे ते फांदीला चिकटलं आहे तिथून फूटभर खोडाच्या बाजूला फांदीच कापावी लागते. फळं पिकण्याआधी कापा आणि कापलेलं शेजाऱ्याच्या आंब्याखाली टाकू नका. ते खोडावर किंवा मुख्य फांदीवर बसलं असेल तर झाड कापू नका. दरवर्षी त्याची पानं काढत राहा, त्याचा जोर कमी होतो.

सागाच्या बाबतीत एक घबराट दरवर्षी होते. जुलै-सप्टेंबरात अळ्या पानांची जाळी करतात, वाटतं साग गेला. त्या अळ्यांचं येणं-जाणं नेहमीचं आहे, झाड पुन्हा पालवतं, फवारणीच्या भानगडीत पडू नका. तोडलेल्या सागाच्या बुडख्याला फुटवे येतात, त्यातला जमिनीलगतचा जोमदार एक ठेवा आणि बाकीचे काढा. वरून फुटलेला फुटवा पुढे वाऱ्यात फाटतो. खोडावर उधळीची मातीची वाट दिसली तरी घाबरू नका. मोठ्या झाडावर ती बहुतेक वेळा मेलेली साल खात असते.

मे महिन्यात, वादळं सुरू होण्याआधी, वाटेलगतच्या प्रत्येक मोठ्या झाडाभोवती एक चक्कर मारा. बुडाशी कवकाच्या टोप्या आल्या आहेत का? लाकडी दांड्यानं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? झाड झुकलं असेल तर मागच्या बाजूला जमिनीला भेग आहे का? दोन खोडांच्या बेचक्यात साल आत दबली आहे का? यातलं काही असेल आणि झाड वाटेवर किंवा घरावर पडू शकत असेल तर ते हलकं करा किंवा काढा. पण वाळलेलं झाड वाटेपासून त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरावर असेल, तर हात लावू नका. त्याच्या ढोलीत पिंगळा, तांबट आणि सुतार राहतात, आणि त्यांना जागा मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. विजेच्या तारेला लागलेल्या फांद्या मात्र स्वतः कापायला जाऊ नका. महावितरणला कळवून, पुरवठा बंद करूनच ते काम होऊ द्या.

फेब्रुवारीत साग पान टाकतो, गवत वाळतं, आणि तिथून मृगापर्यंत आगीची धास्ती. वन विभागही 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. आपल्या वाटेचा खरा उपयोग इथे होतो. वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंचा पाच-पाच फुटांचा पट्टा झाडून पालापाचोळा काढला की तीच जाळरेषा होते. पाला जाळू नका. खड्ड्यात टाका, वर शेण-माती टाका, पुढच्या वर्षी खत मिळतं. धुरे जाळायची आपल्याकडे जुनी सवय आहे. धुरा जळतो तेव्हा बोरी-हिवराची चार वर्षांची रोपं जळतात, मोठ्या झाडाची साल भाजते, तिथून ते पोखरतं, आणि वारा फिरला तर आग शेजाऱ्याच्या संत्र्यात जाते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावण्याचंही तेच. त्याऐवजी झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरा, फुलं स्वच्छही मिळतात. जंगलाला आग दिसली तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

तोडीच्या परवानगीबद्दल गैरसमज फार आहेत. झाड आपल्या शेतात, म्हणून आपण वाटेल तेव्हा तोडू, असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, हिरडा ही आणि आणखी काही झाडं परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. पाडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड नाही, जाळणं किंवा साल काढून मारणंही त्यात येतं. साग तोडायचा तर वन विभागाकडे मालकी प्रकरण करावं लागतं आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. शेतात लावलेल्या बांबूला मात्र 2017 च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळलं आहे.

वाडी नगर परिषदेच्या हद्दीत नागरी क्षेत्रांसाठीचा 1975 चा कायदा लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट येते. आपला गट नगर परिषदेत येतो की ग्रामपंचायतीत, हे आधी तलाठ्याकडून पक्कं करा. लेआउट पडलेल्या भागात हे नुसत्या अंदाजानं कळत नाही.

पांदणीवरून वाद झाला, कुणी काट्या टाकून वाट अडवली, तर कुऱ्हाडी घेऊन उभं राहू नका. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतात. धुऱ्यावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. गावानं मिळून पक्का पांदण रस्ता करायचा ठरवला, तर त्यासाठी 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू झाली होती. त्या कामातही ग्रामसभेत उभं राहून सांगा की आखणी झाडं वाचवून व्हावी आणि चर आधी निघावेत. एकदा यंत्र आलं की मग कुणी ऐकत नाही.

नवी झाडं लावायची तर खड्डे मेमध्ये आणि रोप पहिला दमदार पाऊस मुरल्यावर. बरडावर अंजन, धावडा, खैर, हिवर, सीताफळ. काळ्या मातीत कडुनिंब, करंज, बाभूळ. नाल्याकाठी अर्जुन आणि जांभूळ. सुबाभूळ आणि निलगिरी नको. वाटेच्या चरापासून रोप निदान सहा-सात फूट लांब ठेवा, म्हणजे पुढे मुळांना आणि पाण्याला आपापली जागा राहते. लावलेल्या आणि राखलेल्या प्रत्येक झाडाची सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद स्वतः करता येते. ती करताना झाडाचा फोटो, लावल्याचं वर्ष आणि धुरा कुणाच्या सामाईक आहे हे एका वहीत लिहून ठेवा, शेजाऱ्याची सही घ्या. वीस वर्षांनी साग काढायची वेळ आली, किंवा धुऱ्यावरच्या आंब्यावरून दोन घरांत बोलाचाली झाली, तर तीच वही तलाठ्यापुढे ठेवता येईल.